अंगठ्याखालचा वण

बायजाबाईच्या पिशवीत मेलेल्या पोराचं हाड आहे, असं कोन गावाच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर सगळे सांगायचे. कोणी हाड म्हणायचं, कोणी जावळ म्हणायचं. हिरामण मुकादमाला तर कुठलीच गोष्ट ऐकली तशी पुढे देता येत नसे. तो आवाज खाली आणून, विडीचा धूर नाकातून सोडत सांगायचा, "आख्खा पंजा हाय. वाळवलेला. मी माझे डोल्यांनी बघलाय." हा पंजा म्हातारी पोरांच्या दंडावरून फिरवते आणि संध्याकाळपर्यंत पोर तापानं फणफणतं. एवढा सज्जड पुरावा असल्यावर कोण कशाला शंका घेईल?

या गोष्टीला मीही हात लावला होता. भट्टीची जमीन आमची. शाळेला सुट्टी असली की मी तिथेच. हिरामणचा घोगरा आवाज आणि बायजाबाईचा दातांच्या फटींतून हवा गळणारा आवाज, दोन्ही मला हुबेहूब काढता यायचे. त्यामुळे पंजाची गोष्ट माझ्या तोंडून ऐकायला बायका चिखलातले हात तसेच ठेवून थांबायच्या.

तर आधी ती गोष्ट दुरुस्त करते. पिशवीत हाड नव्हतं, जावळ नव्हतं, पंजा तर नव्हताच. पिशवीत पोरांची लसीची कार्डं होती. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेली, मोजून एक्केचाळीस. प्रत्येक कार्डाला एक भोक आणि भोकात रंगीत सूत. भिवंडीतल्या कारखान्यांच्या मागे लूमचं वाया गेलेलं सूत ढिगानं पडलेलं असतं, त्यातलंच. बायजाबाईला वाचता येत नव्हतं. म्हणून एका पोराला एक रंग. पोराच्या कमरेच्या करगोट्यात तेच सूत, कार्डालाही तेच. सुई झाली की दोन्हीकडे एकेक गाठ. पाच गाठी झाल्या की पोर सुटलं.

चाळीस कार्डं जिवंत पोरांची होती. एक्केचाळिसावं लाल सुताचं, सोनीचं. त्याला चार गाठी. म्हणजे मेलेल्या पोराचं काहीतरी पिशवीत होतं, हे हिरामण अगदीच खोटं बोलत नव्हता. तापाचंही खोटं नव्हतं, पण ते पुढे येईल.

बायजाबाई दिघाशीच्या पलीकडची, टेकडीला चिकटलेल्या वीस घरांच्या पाड्यावरची. जन्माचं साल तिला ठाऊक नव्हतं. ती देवीच्या साथीवरून मोजायची. साथ आली तेव्हा ती एकटी करवंदं तोडून आणण्याएवढी होती. त्या वर्षी देवी डॉक्टर पाड्यावर आला. दंडावर सुईनं टोचून देवी काढायचा तो. बापानं बायजाला आणि तिच्या थोरल्या भावाला पुढे केलं. धाकटे दोघे तान्हे, त्यांना दुखेल म्हणून पेंढ्याच्या उडवीमागे लपवलं. महिन्याभरात ते दोघे गेले. बायजाच्या दंडावर चिंचोक्याएवढे दोन खोलगट वण राहिले.

वण असेल तो राहतो, नसेल तो जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं घरातली माणसं मोजून पाहिलं होतं.

पुढे ती पाड्याची सुईण झाली. निम्मा पाडा तिच्या हातात पहिल्यांदा रडला. देवीची साथ जगातून गेली, देवी डॉक्टर गेला, त्याच्या जागी नर्सबाई आली आणि जन्मल्यावर पोराच्या डाव्या दंडावर एक सुई देऊ लागली. त्याचाही वण पडायचा, लहान, मसुरीएवढा. बायजाबाई त्यावर अंगठा दाबायची, डोळे मिटून खड्डा चाचपायची आणि म्हणायची, "वण हाय. झालं."

हे "झालं" म्हणजे पाड्याचा कायदा. तिच्या अंगठ्याखाली वण लागला की आई निर्धास्त व्हायची. बाकीच्या सुया पोरांना मिळायच्या, कारण नर्सबाई दारात यायची आणि दारात आलेल्या बाईला नको कशाला म्हणायचं. पण कामाचा दिवस मोडून जायची वेळ आली, की बायजाबाईच्या अंगठ्याला विचारायचं.

दोन हजार तीनच्या दिवाळीआधी असंच झालं. बायजाबाईच्या मुलाचं नाव वाघ्या, सुनेचं रोशनी आणि त्यांची पहिली पोर सोनी. सोनीला नऊ महिने पूर्ण झाले होते. कमळ सिस्टर दिघाशीच्या शाळेत बर्फाची पेटी घेऊन बसली होती. ती सगळ्यांशी पहिलीच्या वर्गाला शिकवल्यासारखी बोलायची. तिनं निरोप धाडला, "गोवराची लस राहिलीय. ही वे-ग-ळी आहे. आधीच्या चारात ही येत नाही. घेऊन या."

भात कापणीला आलं होतं. रोशनी बांधावर उभी, एका हातात विळा, कडेवर सोनी. तिनं सासूला विचारलं, "आये, नेऊ का हिला? दिस मोडल."

बायजाबाईनं सोनीच्या झबल्याची बाही वर केली. अंगठा दाबला. डोळे मिटले.

"वण हाय. झालं. कशाला जातंस? भात पडलंय शेतात."

रोशनीनं सोनीला झाडाखाली ठेवलं आणि विळा चालवला. कमळ सिस्टर पेटी बंद करून परत गेली. दिवाळी झाल्यावर दरवर्षीसारखा अर्धा पाडा पाट्या, भांडी, कोंबड्या घेऊन टेम्पोत बसला आणि कोनच्या भट्टीवर उतरला. वाघ्यानं चिखल तुडवायचा, रोशनीनं विटा थापायच्या, बायजाबाईनं नात सांभाळायची.

शिमग्याच्या तोंडावर पहिल्यांदा शेजारच्या भट्टीवरच्या पोरांचे डोळे लाल झाले. मग नाकं गळू लागली, मग कानांमागून पुरळ उतरला. बायजाबाईनं गोवर ओळखला. "बया आली," ती म्हणाली, आणि जे तिच्या आईनं केलं ते तिनं केलं. दारात कडुलिंबाची डहाळी लावली. चुलीवर फोडणी बंद. परक्याला आत येणं बंद. बया अंगात असताना सुई टोचायची नाही, औषध पाजायचं नाही, ती चिडते. सगळ्या ओळीतल्या खोपटांना तिनं हेच सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं, कारण सांगणारी बायजाबाई होती.

सोनीला तापाच्या चौथ्या दिवशी पुरळ आला. बायजाबाई घाबरली नाही. पुन्हा पुन्हा ती दंडावर अंगठा दाबून पाहायची. वण होता. लाल पुरळाच्या मधोमध तेवढीच एक जागा गोल आणि स्वच्छ होती.

"हाय की वण," ती स्वतःशी बोलायची. "मग जाल ही बया. आली तशी जाल."

बया गेली नाही, ती छातीत उतरली. पुरळाच्या पाचव्या दिवशी दुपारी सोनीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. वाघ्यानं विटांनी भरलेला टेम्पो आडवा होऊन थांबवला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जागा एकीचीच होती. रोशनी चिखलाच्या हातांनी तशीच मागे विटांवर चढली आणि सोनीला घेऊन बायजाबाई पुढे बसली. भिवंडीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, पुढचा ट्रक हलत नव्हता. तिथे सोनीची छाती वर यायची थांबली.

बायजाबाईनं काचेतून मागे पाहिलं नाही. तिनं पदर पोरीच्या तोंडावरून सारखा केला आणि दवाखाना येईपर्यंत तशीच थोपटत राहिली.

दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "गोवराची लस दिली होती?"

बायजाबाईनं बाही वर करून दंड दाखवला.

डॉक्टर लिहायचा थांबला. "हा त्या लसीचा नाही, आजी. हा जन्मल्यावर देतात त्या सुईचा. क्षयाच्या."

"मग गोवराचा वण कुठं पडतं?"

"त्याचा वण पडतच नाही."

रोशनी दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. ती रडली नंतर. आधी तिनं सासूच्या हाताकडे पाहिलं, उजव्या हाताच्या अंगठ्याकडे, बराच वेळ.

त्या शिमग्यात भट्ट्यांच्या त्या ओळीतली तीन पोरं गेली. तिघांच्याही दंडांवर बायजाबाईचा अंगठा फिरलेला होता.

त्या दिवसानंतर रोशनीनं सासूला आये म्हणून हाक मारली नाही. म्हातारीही म्हटलं नाही तोंडावर. मधे माणूस घालून बोलायची, माणूस नसेल तर कोंबडीला सांगायची. "सांग गं तिला, भाकर झाकून ठेवलीय." "विचार तिला, लाकडं आणली का." एकाच खोपटात तीन माणसं आणि त्यातल्या दोघींचं बोलणं तिसऱ्याच्या अंगावरून जायचं. वाघ्या बिचारा दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि निरोप पोचवता पोचवता त्याचा घास थंड व्हायचा.

पावसाळ्यात पाडा परत गेल्यावर बायजाबाई एकटी चालत उपकेंद्रावर गेली. कमळ सिस्टरला म्हणाली, "माझा अंगठा आंधळा हाय. कोणत्या पोराची कोणती सुई राहिली ते मला सांग. मी गाठ मारीन."

सिस्टर आधी हसली. मग तिनं खोका उघडून दाखवला. पाड्यावर वाटलेली निम्मी कार्डं भट्टीवर जाऊन हरवत. कुणाचं चुलीत जाई, कुणाचं चिखलात. भट्टीवर गेलेल्या पोराची पुढची सुई कधी, हे तिथे कुणालाच ठाऊक नसे. बायजाबाईनं घरोघर जाऊन उरलेली कार्डं गोळा केली, हरवलेली नव्यानं करून घेतली आणि दिवाळीनंतर पिशवी काखेत मारून टेम्पोत चढली.

मग सुरू झालं खोपट्या-खोपट्यांतून फिरणं. त्या बोलण्याची नक्कल मी शंभर वेळा केली असेल.

"ताप येतं," बाई म्हणायची.

"येतं. मी धरीन."

"जोडी मोडल. नवरा एकटा काय करल? हिरामण बोंबलल."

"तू वीट थाप. पोर माझे मांडीवर."

"दूध पाजायचं तवा?"

"आणीन तुझ्याकडं. पाजलं की परत दे."

"आन सुईनं मेलं तर?"

 इथे बायजाबाई पिशवीत हात घालून लाल सुताचं कार्ड काढायची. चार गाठी मोजून दाखवायची. पाचवीच्या जागी बोट ठेवायची. "ही सुई न दिल्यानं मेली. माझी नात. मीच बोललो, नको जाऊ."

 समोरची बाई कधी पोर पुढे करायची, कधी आत जाऊन दाराचा झाप ओढून घ्यायची. ज्या दोघींची पोरं सोनीबरोबर गेली, त्यातली एक बाई तिच्या पायावर थुंकली. बायजाबाईनं पाय मागे घेतला नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात गेली, कारण त्या बाईच्या धाकट्याच्या दोन गाठी राहिल्या होत्या.

तर तापाची गोष्ट ही अशी. भट्टीकडच्या सिस्टरची सुई झाली की बायजाबाई ताडपत्रीच्या सावलीत पाय पसरून बसायची. मांडीवर दोन पोरं, दोन्ही बाजूंना एकेक, पाठीला एक. सगळी किरकिरी, सगळी गरम. ओली फडकी बदलत, "हो हो हो" करत संध्याकाळ करायची. हिरामण लांबून बघायचा. म्हातारीनं दंडाला हात लावला, पोर तापलं. यात त्याचं काही चुकत नव्हतं, फक्त मधली सिस्टर त्यानं गोष्टीतून काढून टाकली होती. वर तक्रार, "पोरं रडली का मालाला तडा जातं, बाय." विटांना तडा हिरामणच्या आळशीपणानं जायचा, हे सगळ्या भट्टीला ठाऊक होतं.

आणि पाच पोरं का? कारण सिस्टरच्या काचेच्या इवल्या बाटलीत गोवराचं औषध पाच पोरांचं असायचं. एकदा मिसळलं की चार तासांत संपवायचं, उरेल ते फेकायचं. एका पोरासाठी बाटली फोडायला ती कचरायची. म्हणून बायजाबाई पाचांची भर करायची. चार झाली की पाचव्यासाठी दुसऱ्या भट्टीवर चालत जायची.

दोन हजार सहाच्या आषाढात रोशनीला मुलगा झाला, बाबू. तिनं बाळंतपण सासूच्या हातून करून घेतलं नाही, कळा घेत उपकेंद्रावर गेली. जन्मल्यावरची सुई तिथेच झाली. त्यानंतर एकही नाही. बाबूचं कार्ड तिनं पिठाच्या डब्यात खाली दाबून ठेवलं. सगळ्या भट्टीवरच्या पोरांत तेवढं एकच कार्ड बायजाबाईच्या पिशवीत नव्हतं.

"सोनीला चार टोचल्या," रोशनी पाण्याच्या टाकीवर सांगायची, सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चार. वाचली का? मग याला कशाला दुखवू?"

बायजाबाई ऐकायची आणि घागर उचलायची. बाबूला ती दुरून बघायची. त्याला उचलायची तिला मुभा होती, पण बाहीच्या वर हात नेला की रोशनी येऊन पोर काढून घ्यायची.

दोन हजार सातच्या एप्रिलात बाबूला नऊ महिने पूर्ण झाले आणि त्याच आठवड्यात खाडीकडच्या भट्टीवर पोरांचे डोळे लाल झाले. मधे फक्त दोन शेतं.

सिस्टर नेहमी बुधवारी यायची. या खेपेला तिनं बायजाबाईला निरोप दिला, शुक्रवारी येते, थेट भट्टीवर. बायजाबाईनं चार खोपटांत वार सांगितला. पाचव्या खोपटात, म्हणजे स्वतःच्याच, ती काही बोलली नाही. वार तिच्या तोंडून निघाला असता, तर रोशनीनं हट्टानं तो चुकवला असता. रात्रंदिवस एका छपराखाली राहून तिनं जीभ दाताखाली धरली.

गुरुवारी मी टाकीवर रोशनीला सहज डिवचलं, "वहिनी, बाबूला नेणार का सुईला?" ती जे बोलली ते घेऊन मी पळतच बायजाबाईकडे गेले, कारण इतकं झणझणीत बोलणं बरेच दिवसांत सापडलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून, मान रोशनीसारखी झटकून म्हटलं, "मी कशाला नेऊ? शुकरवारी मना चिखलातून हात काढायला फुरसत न्हाय. आन सांग त्या म्हातारीला, माझे पोराला अंगठा लावायचा न्हाय."

बायजाबाई सूत सोडवत होती. "परत बोल," ती म्हणाली.

मी परत बोलले, अजून रंगवून.

"रंगवू नको. ती बोलली तसंच बोल."

मी तिसऱ्यांदा बोलले. तिचे हात थांबले. "येल ती," ती म्हणाली.

मी हसले. इतकं ठणकावून नाही म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. "पैज?"

"लाव. न्हाय आली तर तुला पंजा दाखवतो." तिच्या फटींतून हवा निघाली, म्हणजे ती हसली. "आन आली तर माझा आवाज काढायचा न्हाय. परत कधीच."

शुक्रवारी ताडपत्रीखाली चार पोरं जमली. सिस्टरनं दहाच्या सुमाराला बाटली मिसळली. "चारच? पाचवं येतंय का?"

"येतंय," बायजाबाई म्हणाली.

चौघांना सुया झाल्या. अकरा वाजले, बारा वाजले. पोरं तापायला लागली, फडकी सुकायला लागली. रोशनी समोर उन्हात विटा थापत होती, मान वर न करता. एक वाजता मी बायजाबाईकडे बघून पंजासारखी बोटं वाकडी केली. तिनं पाहिलं नाही. पावणेदोनला सिस्टरनं घड्याळ बघितलं आणि पेटीचं झाकण हातात घेतलं.

रोशनी उठली. खोपटात गेली, पिठाचा डबा उपडा केल्याचा आवाज आला. मग बाबूला कडेवर घेऊन, कोपरापर्यंत चिखल तसाच, पिठानं पांढरं झालेलं कार्ड ओठांत धरून आली. ती सिस्टरसमोर बसली. बायजाबाई हातभर अंतरावर होती. तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, सवयीनं अंगठा पुढे जाऊ नये म्हणून.

"कोणता दंड?" रोशनीनं सिस्टरला विचारलं.

"उजवा."

"वण पडल?"

"नाही पडणार."

"मग दिली हे कसं कळायचं?"

सिस्टर कार्डाकडे बोट दाखवणार होती, पण थांबली. बायजाबाईनं मांडीखालून एक हात काढला. मुठीत हिरवं सूत होतं, कधीचं कापून ठेवलेलं. तिनं ते रोशनीला दिलं नाही, मधे जमिनीवर ठेवलं आणि हात परत मांडीखाली घातला.

बाबू किंचाळला. सुई झाली. रोशनीनं जमिनीवरचं सूत उचललं, पोराच्या करगोट्यात ओवलं आणि चिखलाच्या बोटांनी स्वतः गाठ मारली. दोनदा ओढून बघितली.

"राहिलेल्या कधी द्यायच्या ते सांगा," ती सिस्टरला म्हणाली. मग उठता उठता, "आन सांगा तिला, याचा ताप मी धरीन. तिनं ते चार धरावे."

बायजाबाईनं ते चार धरले.

वैशाख संपेपर्यंत खाडीकडच्या भट्टीवरची दोन पोरं मातीत गेली. आमच्या भट्टीवर पुरळ दोघांनाच आला, दोघंही उशिरा कामाला आलेल्यांची, कार्ड नसलेली. त्यातलं एक वाचलं. दुसऱ्याच्या आईला बायजाबाईनं तिच्या खोपटाबाहेर बसून सोबत केली.  रोशनी अजूनही तिला आये म्हणत नाही.

"तुला कसं कळलं?" मी बायजाबाईला त्या शुक्रवारीच विचारलं होतं, पैज हरल्याच्या रागात.

"तूच तर सांगितलंस," ती म्हणाली. "मी तिला वार सांगितला न्हाय. तू सांगितलास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बाटलीवाली दर वेळी बुधवारी येतं. शुकरवार तिनं कोणाला तरी जाऊन विचारला. न येणारी बाई वार कशाला विचारल?"

तो शब्द मी तीनदा माझ्या तोंडानं बोलले होते आणि मला ऐकू आला नव्हता. तेव्हापासून तिचा आवाज मी काढलेला नाही. लोक मागे लागतात, हिरामण तर फारच, पण नाही. हे लिहायच्या आधी मात्र तिला विचारलं, पैज तोंडाची होती, लिहिलं तर चालेल ना?

"लिव," ती म्हणाली. "पंजा खोटा म्हणून लिव. पण अंगठा खरा म्हणून पण लिव. तीन पोरांवर फिरला तो."